लीफ्सने २०१९ ला काद्रीला विकलं, माझा राग अजून गेलेला नाही

निळापांढरा (मिसिसागा)

१ जुलैला इकडे कॅनडा डे, आणि त्याच दिवशी एनएचएलचा, म्हणजे इथल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगचा, खेळाडूंचा बाजार उघडतो. लोक फटाके बघायला तलावावर जातात, मी फोन घेऊन डेकवर. बायको म्हणते, शेअर बाजारात असतास तर निदान चार पैसे तरी मिळाले असते.

२०२५ ला कॅनडा डेच्या तोंडावर आमच्या टोरांटो मेपल लीफ्सचा मिच मार्नर वेगासला गेला. आठ वर्षांचा करार, वर्षाला १ कोटी २० लाख डॉलर. मार्कममध्ये जन्मलेला आमच्या घरचा मुलगा, २०२४-२५ च्या हंगामात १०२ गुण (स्वतःचे गोल आणि दुसऱ्याच्या गोलाला दिलेला हातभार मिळून), आणि बदल्यात आमच्या पदरात निकोलस रॉय. सगळ्या ग्रुपांवर मार्नरचं सुतक चाललं होतं. मला मात्र २०१९ चा १ जुलै आठवत होता. खरा घोळ त्या दिवशी झाला.

इथे बरेच जण भारतातले आहेत म्हणून आधीच सांगतो, ही बर्फावरची हॉकी. आणि ट्रेड म्हणजे काय, तर क्लब तुमचा चालू करार उचलून दुसऱ्या क्लबाला देऊन टाकतो. तुम्हाला विचारायचं कारणच नाही. 'अमुक गावांना जाणार नाही' अशी अट करारात आधी घालून घेतली असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर सकाळचा सराव टोरांटोत आणि रात्रीचं विमान डेन्व्हरचं.

तर नाझिम काद्री. लंडन, ओंटारिओचा पोरगा, लेबनॉनहून आलेल्या घराण्यातला. २००९ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या पोरांची क्लबांत वाटणी होते ती निवड) आम्ही सातव्या क्रमांकावर घेतला. २०१६-१७ मध्ये ३२ गोल, पुढच्या वर्षी पुन्हा ३२. मी २००३ साली इकडे आलो तेव्हा पक (चेंडूच्या जागी असलेली रबरी चकती) कुठे आहे हेच दिसायचं नाही. खेळ कळला तो ब्रॅम्प्टनच्या गोदामातल्या सरदारजी मित्रांमुळे आणि २००८ पासून सुरू झालेल्या पंजाबी समालोचनामुळे. नाव उच्चारताना गोऱ्यांची जीभ अडखळते असा एक माणूस निळी जर्सी घालून समोरच्याच्या अंगावर धावून जातोय, याचं आम्हा लोकांना काय वाटायचं ते शब्दांत नाही सांगता येणार. ४३ नंबरची जर्सी घेतली होती. अजून कपाटात आहे.

आता त्याचे गुन्हे. २०१८ च्या प्लेऑफमध्ये बोस्टनविरुद्ध पहिल्याच सामन्यात टॉमी विंगल्सला नको तसा आदळला, तीन सामने बाहेर. मालिका सातव्या सामन्यात गेली. २०१९ ला पुन्हा बोस्टन, दुसरा सामना. त्यांच्या जेक डेब्रस्कने आमच्या मार्लोला कडेला दाबला आणि आमचे साहेब दोन्ही हातांत काठी आडवी धरून थेट त्याच्या तोंडावर. उरलेली सगळी मालिका बाहेर. आम्ही ३-२ ने पुढे होतो हो! सहावा सामना घरी हरलो, सातवा तिकडे ५-१.

झालं. गाव पेटलं. रेडिओवर, ऑफिसात, न्हाव्याच्या खुर्चीत एकच वाक्य: याच्यावर भरवसा नाही. आणि १ जुलैला काद्री डेन्व्हरच्या क्लबाला, कोलोराडोला. सोबत कॅले रोसेन आणि एक तिसऱ्या फेरीचा पिक, म्हणजे ड्राफ्टमध्ये खेळाडू निवडायचा हक्क. आले कोण? टायसन बॅरी, अलेक्झांडर करफूट आणि एक सहाव्या फेरीचा पिक. बॅरी एक हंगाम खेळून निघून गेला.

माझं म्हणणं एवढंच आहे. शिस्त लावायला लीग आहे, तिने लावली. क्लबाने त्याला विकला तो लोकांची तोंडं बंद करायला. तो ट्रेड हॉकीचा नव्हताच.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. २०२१ मध्ये कोलोराडोकडून खेळताना यानेच सेंट लुईसच्या जस्टिन फॉकच्या डोक्यात आदळून आठ सामन्यांची बंदी ओढवून घेतली. आठ! दुसऱ्या फेरीत वेगासविरुद्धचे सहाच्या सहा सामने तो बाहेर आणि कोलोराडो हरलं. म्हणजे आमच्याकडे घडलं तेच, किंबहुना जास्त वाईट. त्यांनी काय केलं? ठेवला. पुढच्या हंगामात ७१ सामन्यांत ८७ गुण आणि हातात स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद. अंतिम मालिकेच्या चौथ्या सामन्यात, अंगठ्याच्या दुखापतीतून परत येऊन, ओव्हरटाइममध्ये विजयी गोल कोणाचा? त्याचाच. त्या रात्री मी आनंदाने ओरडलो आणि मग गप्प बसलो. १९६७ पासून आमच्या घरात कप आलेला नाही आणि आमचाच माणूस दुसऱ्याच्या घरी आरती ओवाळतोय.

---

वानखेडे_उत्तर_स्टँड

काका, खेळ समजला नाही पण दुःख समजलं. आमच्याकडे उलटं झालं होतं. २०२३ च्या नोव्हेंबरात हार्दिक गुजरातहून मुंबईत ट्रेड होऊन परत आला, रोहितच्या जागी कॅप्टन केला आणि २०२४ च्या मोसमात घरच्याच मैदानावर लोकांनी त्याची हुर्यो उडवली. मीही होतो त्यात, खोटं कशाला बोलू. जूनमध्ये त्यानेच विश्वचषक फायनलची शेवटची ओव्हर टाकली तेव्हा तोच मी सोफ्यावर उभा राहून नाचत होतो.

एक प्रश्न. मारामारी केली तर तुमच्याकडे लगेच बाहेर काढत नाहीत का? मी क्लिपा बघितल्यात, पंच बाजूला उभे राहून बघत असतात.

---

निळापांढरा

हातमोजे टाकून समोरासमोर मारामारी केली तर दोघांना पाच-पाच मिनिटं डब्यात, म्हणजे कडेच्या शिक्षेच्या बाकावर, बसवतात. पंच मध्ये पडत नाहीत, एक जण खाली पडला की सोडवतात. तोंडावर काठी मारणं वेगळं, त्याला माफी नाही. हे समजायला मला चार हिवाळे लागले.

---

हिशेबनीस

निळापांढरा, भावना बाजूला ठेवून आकडे मांडतो.

२०१९-२० ची कॅप ८ कोटी १५ लाख डॉलर. म्हणजे सगळ्या संघाच्या पगाराला त्याच्यावर एक सेंटही नाही. त्यात मॅथ्यूज १ कोटी १६ लाख, तावारेस १ कोटी १० लाख, मार्नर १ कोटी ९ लाख, नायलँडर ७० लाखांच्या आसपास. चार माणसांत निम्मी तिजोरी रिकामी. उरलेल्या निम्म्यात गोलरक्षकासकट बाकी सगळा संघ बसवायचा. आता सांगा, अशा घरात सगळ्यात मौल्यवान वस्तू कोणती? वर्षाला ४५ लाखांत, २०२२ पर्यंत करारबद्ध असलेला, ३० गोल करू शकणारा सेंटर, म्हणजे मधला आघाडीवीर. तोच विकला!

क्लबाची बाजूही सांगतो. २०१८ ला तावारेस आल्यावर काद्री तिसऱ्या लाइनवर (आघाडीवीरांच्या तिसऱ्या तुकडीत) ढकलला गेला, गोल १६ वर आले. बचावात उजव्या बाजूला खड्डा होता, बॅरी तिथलाच खेळाडू, आणि त्याचा निम्मा पगार कोलोराडो देणार होतं. कागदावर व्यवहार वेडगळ नव्हता. पण बॅरीचा करार एकच वर्ष उरलेला. तीन वर्षांचं धान्य देऊन एका वर्षाचं भाड्याचं घर घेतलं.

---

कॅल्गरीची_सून

😀 तुमच्या धाग्यात आमचं गाव अजून आलं कसं नाही? तेव्हाच्या बातम्यांप्रमाणे टोरांटोने आधी त्याला आमच्याकडे पाठवायचं ठरवलं होतं, आमच्या बचावपटू ब्रॉडीच्या बदल्यात. काद्रीने करारातल्या अटीवर बोट ठेवून नाही म्हटलं. मग तो डेन्व्हरला गेला. पुढच्याच वर्षी ब्रॉडी करार संपवून आपल्या पायांनी टोरांटोला गेला आणि २०२२ ला काद्री आपल्या पायांनी आमच्याकडे आला, सात वर्षांसाठी, वर्षाला ७० लाख. तुम्ही ४५ लाखांत सांभाळला नाहीत, आम्ही ७० दिले.

आणि हो, इथे तो चांगला वागला. टोरांटोच्या हवेतच काहीतरी आहे.

---

निळापांढरा

ताई, जखमेवर मीठ चोळायला कॅल्गरीहून मुद्दाम आलात!

---

मेंदू_आणि_मान

मी फिजिओ आहे, एडमंटनमध्ये. डोक्याला मार लागलेली खेळाडू मुलं माझ्याकडे येतात, म्हणून जरा कडक लिहितेय. राग मानू नका.

संपूर्ण धाग्यात काद्रीची बाजू आहे, गोलांचा हिशेब आहे, पगाराचा हिशेब आहे. विंगल्स, डेब्रस्क आणि फॉक यांचं काय झालं हे एकाही प्रतिसादात नाही. फॉक त्या मालिकेत परत खेळू शकला नाही. 'लीगने शिस्त लावली' म्हणता, तर मग तीच गोष्ट तिसऱ्यांदा कशी घडली? प्लेऑफच्या आधी नियमित हंगामातही याच माणसावर बंद्या आल्या होत्या. कोलोराडोने ठेवला आणि कप जिंकला म्हणून त्यांचा निर्णय बरोबर ठरतो का? कप आला नसता तर हाच धागा 'कोलोराडोला कधी अक्कल येणार' असा निघाला असता.

माझ्याकडे येणाऱ्या एका चौदा वर्षांच्या मुलाला तीन महिने शाळेत फळ्याकडे बघता येत नव्हतं. समोरच्याने कोपर वर आणलं होतं. त्या समोरच्याला दोन मिनिटं मिळाली.

---

हिशेबनीस

अनुमोदन. आणि लीगच्या शिस्तीबद्दल बोलायचं तर तिचे दर पाहा. मे २०२१, वॉशिंग्टनच्या टॉम विल्सनने रेंजर्सच्या बुचनेविचला बर्फावर पालथा असताना ठोसा मारला, पनारिनला आपटला. शिक्षा? ५००० डॉलर. एकाही सामन्याची बंदी नाही. रेंजर्सनी चिडून जाहीर पत्रक काढलं की शिस्तविभागाचे प्रमुख जॉर्ज पॅरोस या पदाला लायक नाहीत. त्या पत्रकाचा दंड अडीच लाख डॉलर! ठोशाच्या पन्नास पट.

हाच विल्सन २०१८ मध्ये वीस सामन्यांसाठी बाहेर होता. लवादाने चौदावर आणलं, तोवर सोळा भोगून झाले होते. कुठल्या तराजूत काय टाकतात ते त्यांनाच ठाऊक.

---

निळापांढरा

मेंदू_आणि_मान, राग कसला, तुमचं खरं आहे. मी धागा लिहिताना डेब्रस्कचं तोंड एकदाही डोळ्यांसमोर आणलं नाही. तो बोस्टनचा होता, एवढंच मला पुरेसं होतं. फॅन माणूस आंधळा असतो म्हणतात, मी त्याच्यापुढचा.

तरी एक विचारतो. पाच सामने बाहेर बसवला, पगार कापला (तो कापलेला पगार खेळाडूंच्या मदतनिधीत जातो, क्लबाला मिळत नाही), हे शिक्षेत धरा. पण विकल्याने समोरच्या पोरांची डोकी वाचली का? नाही. तो डेन्व्हरला जाऊन फॉकला आदळलाच. विकणं हा उपाय नाही, केर शेजारच्या दारात लोटणं आहे. त्याला सुधारायचा होता तर ठेवून सुधारायला हवा होता. तिथेच माझं भांडण आहे.

आणि ढोंगही बघा. फेब्रुवारी २०२४ ला ऑटावाच्या ग्रेगने मोकळ्या गोलात उगाच कडक फटका मारून मिजास दाखवली, आणि आमच्या मॉर्गन रायलीने त्याच्या डोक्यावर काठी घातली. पाच सामन्यांची बंदी. तेव्हा हेच रेडिओवाले म्हणत होते, वा, शेवटी कोणीतरी हिंमत दाखवली! तीच काठी, तीच उंची. रायलीने मारली तर हिंमत आणि काद्रीने मारली तर स्वभाव.

---

खडकीकर

धागा आवडला. मी गवतावरचा, म्हणजे आता टर्फवरचा माणूस. खडकीत वाढलो, पंधरा-वीस वर्षं जिल्हा पातळीवर पंच म्हणून शिट्टी फुंकली. बर्फाचं काही कळत नाही, पण हा सगळा प्रकार ओळखीचा वाटला.

आमच्या खडकीचा धनराज पिल्ले. रागीट, फटकळ, डोळ्यांत पाणी यायला वेळ नाही आणि तोंडातून शब्द निघायलाही नाही. १९९८ ला बँकॉकमध्ये त्याच्या कप्तानीखाली आशियाई सुवर्ण मिळालं, १९६६ नंतर पहिल्यांदा. बत्तीस वर्षांनी! परत आल्यावर काय मिळालं? धनराज आणि आणखी सहा जण संघाबाहेर. गोलरक्षक आशिष बल्लाळसुद्धा. कारण दिलं 'विश्रांती'. मैदानावर सगळे म्हणायचे, भत्त्यांबद्दल तोंड उघडलं त्याची ही किंमत. त्या दिवसांत आमच्या गल्लीत चहाच्या टपरीवर जे शब्द ऐकले ते इथे लिहिता येणार नाहीत.

शिस्त हा शब्द निवडसमितीच्या फार उपयोगी पडतो, एवढं मी पाहिलंय.

पण ताईंच्या बाजूनेही एक सांगतो. पॅरिस २०२४, ब्रिटनविरुद्ध उपांत्यपूर्व सामना. १७व्या मिनिटाला अमित रोहिदासची काठी समोरच्याच्या डोक्याला लागली, व्हिडिओ बघून थेट लाल कार्ड. माझ्या मते तो मुद्दाम नव्हता, पण शिट्टी माझ्या हातात असती तर मीही पिवळ्याच्या खाली उतरलो नसतो. उरलेली चाळीसहून जास्त मिनिटं दहा जण खेळले. १-१, मग शूटआउटमध्ये श्रीजेशने तारलं, ४-२. पुढे उपांत्य सामन्यात रोहिदासवर बंदी. ऑलिंपिकला संघच सोळा जणांचा, म्हणजे जर्मनीसमोर पंधरा. पेनल्टी कॉर्नरला गोलमधून पहिला धावत सुटणारा आपला हुकमी माणूसच नाही. ३-२ ने हरलो. एका काठीची किंमत कधी कधी एवढी असते. आणि कांस्यपदकाच्या सामन्यात स्पेनविरुद्ध तोच रोहिदास परत बचावात उभा. कोणी त्याला गुन्हेगार केला नाही.

---

वानखेडे_उत्तर_स्टँड

खडकीकर काका, पहिला धावणारा म्हणजे? आणि हेल्मेट नाही का घालत?

---

खडकीकर

कॉर्नर घेतला की समोरून ताशी शंभराच्या वर वेगाने चेंडू येतो. त्याच्या दिशेने जो धावत जातो तो पहिला रशर. तोंडावर जाळीचा मुखवटा, गुडघ्याला पॅड, आणि बाकी परमेश्वर. लोक ड्रॅगफ्लिक मारणाऱ्याचं नाव लक्षात ठेवतात, याचं कोणी नाही.

---

कॅल्गरीची_सून

हे वाचून मुलाला दाखवलं. तो म्हणाला, "आई, ते आमच्याहून वेडे आहेत." बर्फावरच्या पोराकडून एवढी दाद म्हणजे पुष्कळ झाली काका.

---

हिशेबनीस

मुख्य धाग्याकडे येऊ. निळापांढरा, 'घोळ २०१९ ला झाला' हे मला पूर्ण पटत नाही. मॅथ्यूज आल्यापासून तुम्ही निर्णायक सामने किती हरलात? २०१८, १९, २०, २१, २२, २४ आणि २५. सातपैकी सात. काद्री त्यातल्या पहिल्या दोनच मालिकांत होता, आणि त्या दोन्हींत तो ऐन वेळी बंदीमुळे बाकावर. हाच आकडा तुमच्याविरुद्धही वापरता येतो.

आणि लीफ्सला वाईट ट्रेडची सवय जुनी आहे. २००६ ला गोलरक्षक तुका रास्क बोस्टनला दिला, आणला कोणाला तर अँड्र्यू रेक्रॉफ्ट. २००९ ला केसेलसाठी जे पिक दिले त्यातून बोस्टनला सेगिन आणि डगी हॅमिल्टन मिळाले. बोस्टनची सोय लावायलाच हा क्लब काढलाय की काय असं वाटतं. २०२५ च्या मार्चमध्ये ब्रँडन कार्लोसाठी पुन्हा पहिल्या फेरीचा पिक आणि फ्रेझर मिंटन तिकडेच.

---

निळापांढरा

रास्कचं नाव काढायचं नव्हतं हो. २०१३ चा सातवा सामना आठवला. तिसऱ्या सत्रात ४-१ ने पुढे होतो, हरलो ५-४. पलीकडे गोलात तोच. मी तेव्हा बेसमेंटमध्ये भाड्याने राहायचो, वरच्या मजल्यावरचे घरमालक खाली आले, म्हणाले कोणी गेलं का?

सातपैकी सात खरं आहे. पण त्या पाच मालिकांकडे बघा, ज्यांत काद्री आमच्याकडे नव्हता. मॉन्ट्रियलविरुद्ध ३-१ ने पुढे असताना मालिका घालवली. २०२५ ला फ्लोरिडाविरुद्ध पाचवा घरी ६-१ ने हरलो, सातवा घरी ६-१ ने. लोकांनी जर्स्या बर्फावर फेकल्या. त्या सातव्या सामन्यात आमच्यातला एक जण तरी कोणावर चिडला का? एक जण तरी समोरच्याच्या तोंडासमोर जाऊन उभा राहिला? सगळे सभ्य. डब्यात बसायला कोणी नाही, गोल करायलाही नाही. मध्यंतरी रीव्ह्जसारखे दांडगे आणले होते, पण ते मारामारीपुरते, दहा मिनिटं बर्फावर. राग आणि हात एकाच माणसात असायला लागतात. असा एकच होता आणि तो आम्ही विकला.

---

मेंदू_आणि_मान

हे पटलं नाही, पण का वाटतं ते कळलं. एक सुचवू? झॅक हायमनचा विचार करा. तोही तुम्हीच सोडलात, २०२१ ला. आमच्याकडे ५५ लाखांत आला, २०२३-२४ ला ५४ गोल. गोलसमोर मार खातो, हलत नाही, आणि कोणाच्या तोंडावर काठी मारत नाही. राग आणि हात दोन्ही हवेत म्हणता, तर असाही माणूस तुमच्याकडे होता.

---

निळापांढरा

ताई, हायमनवर मला काहीच उत्तर नाही. त्याच्यावर वेगळा धागा काढावा लागेल आणि तो वाचायला माझी बायकोच येईल भांडायला, ती त्याची फॅन.

---

कॅल्गरीची_सून

त्या ४३ नंबरच्या जर्सीचं काय करणार? इथे तो ९१ घालायचा. लाल रंगात. साइज सांगा, दिवाळीला पाठवते.

---

निळापांढरा

९१ आमच्याकडे तावारेसचा. त्याच्यामुळेच काद्री तिसऱ्या लाइनवर गेला. लाल ९१ घालून मी मिसिसागात दूध आणायला गेलो तर दोन्ही बाजूंनी मार खाईन.

एल साइज.